यमक्या वामन आणि गायगॅक्सचे भाले

वामनपंडिताला मराठी रसिकांनी दोन बिरुदे दिली. एक मानाचे. जुन्या जाणकारांनी वृत्तांची वाटणी केली तेव्हा ओवी ज्ञानेश्वरांकडे गेली, अभंग तुकोबांकडे, आर्या मोरोपंतांकडे आणि श्लोक वामनाकडे. दुसरे बिरुद सरळसरळ थट्टेचे: यमक्या वामन. ते समर्थ रामदासांनी दिले अशी दंतकथा आहे. कोणी का दिले असेना, चिकटले ते कायमचे. हा वामन शेष घराण्यातला, आणि हे घराणे मूळचे नांदेडचे मानले जाते. सतराव्या शतकात त्याने जे लिहिले त्याचा नुसता पसारा पाहिला तरी दमायला होते. गीतेवर ‘यथार्थदीपिका’ नावाची टीका, तिच्या ओव्या २२,००० च्या घरात. गीतेचा समश्लोकी अनुवाद निराळा. भर्तृहरीची शतके, जगन्नाथपंडिताची ‘गंगालहरी’. शिवाय रामकृष्णकथांवरची आख्यानेच आख्याने. हे सगळे एका माणसाचे काम नसावे, वामन एकाहून अधिक असावेत, अशी शंका अभ्यासकांनी घेतली आहे. सर्वसामान्य श्रोत्याने मात्र असली शंका कधी घेतली नाही. त्याने एवढ्या लेखनातून एकच खोड हेरली आणि तिलाच नाव ठेवले.

ती खोड काय होती हे जवळून पाहण्यासारखे आहे. श्लोकाच्या चारही चरणांच्या शेवटी तीच अक्षरे आणायची, पण दर वेळी अर्थ पालटायचा. एका चरणात ‘हरी’ म्हणजे देव, दुसऱ्यात ‘हरी’ म्हणजे हिरावून घेतो, तिसऱ्यात तीच अक्षरे ‘लहरी’च्या पोटातून काढलेली आणि चौथ्यात ‘विहरी’च्या. एखाद्या श्लोकात हे साधले की ऐकणारा मान डोलावतो. पानामागून पान साधत राहिले की तो हसायला लागतो, कारण चौथा चरण यायच्या आधीच त्याला कळलेले असते की कवी आता कुठली तरी कसरत करणार. या हसण्यात कंटाळा नसतो. गवई कोणत्या जागेवर कोणती हरकत घेणार हे ओळखून आधीच हसणाऱ्या श्रोत्याचे ते हसणे आहे. दोन श्लोक ऐकणाऱ्याला ही गंमत कळणार नाही. ‘यमक्या’ म्हणायला वामनाची बरीच संगत घडलेली असावी लागते.

हा सगळा प्रकार आठवण्याचे निमित्त दूरचे आहे. अमेरिकेत १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ निघाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ ही मालिका ज्यांनी पाहिली असेल त्यांना सायकलीवरून हिंडणारी ती पोरे तळघरात बसून जो खेळ खेळतात तो आठवेल, तो हाच. टेबलाभोवती चार-सहा जण बसतात. प्रत्येक जण एकेक पात्र घेतो: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार होतो. ‘तुम्ही एका ओल्या भुयाराच्या तोंडाशी उभे आहात’ असे तो सांगतो, ‘आता काय करता?’ असे विचारतो, आणि खेळाडू सांगतील त्याप्रमाणे गोष्ट पुढे सरकते. उडी साधली की पाय घसरला हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. पट असलाच पाहिजे असे नाही, आणि शेवटी कोणी जिंकला-हरला असेही नाही. लागतात ती पुस्तके: नियमांची, राक्षसांची, मंत्रांची, तयार मोहिमांची. ही पुस्तके लिहिणे हा एक स्वतंत्र धंदा झाला आणि त्यात भराभर लिहिणाऱ्यांची एक जात तयार झाली. गायगॅक्स हा तिचा मूळपुरुष. १९७७ ला राक्षसांचा ग्रंथ, १९७८ ला खेळाडूंचा, १९७९ ला सूत्रधाराचा; जोडीला मोहिमा, लेख आणि पुढे कादंबऱ्याही.

गायगॅक्सच्या चाहत्यांनी त्याच्याशी जे केले ते नांदेडच्या वामनाशी झाले त्याहून फार वेगळे नाही. त्याची भाषा अवजड. जुने, अडगळीतले शब्द शोधून आणायची त्याला हौस. तिला चाहत्यांनी ‘हाय गायगॅक्सियन’ म्हणजे जणू एखादी दरबारी बोली असल्यासारखे नाव दिले. दुसरी खोड भाल्यांची. लांब दांड्याला पाते लावलेल्या मध्ययुगीन युरोपी हत्यारांवर या गृहस्थाचा विलक्षण जीव. १९७५ साली त्याने या हत्यारांच्या नावांवर लेख लिहिले, १९७८ च्या पुस्तकात त्यांची लांबलचक यादी दिली आणि १९८५ च्या पुस्तकाला पुन्हा त्याच विषयाचे परिशिष्ट जोडले. यादीत ग्लेव्ह आहे, गिझार्म आहे आणि मग ग्लेव्ह-गिझार्म, बिल-गिझार्म, गिझार्म-वूज असे त्यांचे मिश्रविवाहही आहेत. खेळताना या बारकाव्याचा उपयोग जवळजवळ शून्य. तरी चाहते ही यादी आजही एकमेकांना कौतुकाने ऐकवतात. चेष्टा उलट्या बाजूनेही चाले. खेळातला टेन्सर हा जादूगार म्हणजे गायगॅक्सच्या अर्नेस्ट या मुलाच्या नावातली अक्षरे इकडची तिकडे केलेली. ड्रॉमिज म्हणजे जिम वॉर्ड हे सहकाऱ्याचे नाव उलटे वाचलेले. २००० साली ‘फ्युचरामा’ या व्यंगचित्रमालिकेत गायगॅक्स स्वतःच अवतरला आणि भेटून आनंद झाला की नाही हे त्याने फासा टाकून ठरवले. मार्च २००८ मध्ये तो गेला. पुढच्याच वर्षीपासून त्याच्या गावी, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हात, त्याच्या नावाने मेळा भरतो. तिथे भाषणांपेक्षा खेळ अधिक चालतो.

आता प्रश्न असा, की ही थट्टा याच जातीच्या लेखकांच्या वाट्याला इतकी का येते? भरपूर लिहिले म्हणून, हे उत्तर अर्धेच आहे. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गिनेस बुकात नोंद झाली. पण त्यांच्या लेखनाचे कौतुक बहुधा आकड्यापाशीच येऊन थांबते. फरक लेखनाच्या कामात आहे. अर्नाळकरांच्या झुंजारची कथा वाचून संपते. वामनाचे आख्यान आणि गायगॅक्सची मोहीम वाचून संपत नाही, कारण ती वाचण्यासाठी नव्हे तर वापरण्यासाठी लिहिलेली असते. नारदीय कीर्तनात बुवा पूर्वरंगात एक अभंग घेऊन निरूपण करतात आणि उत्तररंगात त्याच्या पुष्टीसाठी आख्यान लावतात. त्या आख्यानाचा सांगाडा म्हणजे वामनाचे श्लोक, मोरोपंतांच्या आर्या, श्रीधराच्या ओव्या. मधले सगळे, म्हणजे संवाद, विनोद, गावातल्या पाटलावर मारलेली कोपरखळी, हे बुवांचे. खेळाचा सूत्रधारही नेमके हेच करतो. छापील मोहिमेत खोली, राक्षस आणि खजिना एवढेच असते. राक्षसाला तोतरा करायचा की कवी, हे तो टेबलाशी बसून ठरवतो. गायगॅक्सच्या १९७९ च्या ग्रंथात भुयारातल्या वासांचे, हवेचे, आवाजांचे तक्ते आहेत. फासा टाकायचा, तक्त्यात पाहायचे आणि ‘कुजकट वास येतोय’ म्हणून सांगायचे. वाचायला हे रुक्ष, वापरायला सोन्यासारखे. अशा लेखकाशी वापरणाऱ्याचे नाते वाचकाचे राहत नाही. रोज हाताळून त्याला लेखकाच्या खोडी पाठ होतात, कुठे अडते, कुठे बेंगरूळ आहे, हे कळते, आणि बरोबरीच्या हक्काने तो हसतो. म्हणून ही थट्टा मला समीक्षेचीच एक जात वाटते. तीही अशा माणसाने केलेली, ज्याने लेखकाने लिहिलेले सगळे वापरून पाहिले आहे.

नांदेडकडे याचा अलीकडचा दाखला आहे, आणि तो वामनापेक्षा ठळक आहे. दासगणू महाराज, म्हणजे गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे (१८६८–१९६२), जन्माने नगर जिल्ह्यातल्या अकोळनेरचे. पोलीस शिपाई होते आणि तमाशासाठी लावण्या रचत. साईबाबांच्या सांगण्यावरून ते दोन्ही सुटले, कीर्तन धरले, मुक्काम नांदेडला झाला. उमरी तालुक्यातल्या गोरटे गावी आज त्यांचे स्थान आहे. ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’, ‘भक्तिसारामृत’ ही संतचरित्रे, स्तोत्रे, पदे आणि संतांच्या कथांवरची कितीतरी कीर्तनाख्याने त्यांनी लिहिली. लिहिणारे तेच, उभे राहून करणारेही तेच, त्यामुळे कुठे श्रोता चुळबुळतो हे त्यांना शाईबरोबरच कळत असणार. साईसच्चरितातला एक प्रसंग इथे बोलका आहे. दासगणू अंगरखा, उपरणे, फेटा असा जामानिमा करून कीर्तनाला निघाले, तेव्हा बाबांनी नवरदेव सजल्याची थट्टा केली आणि ते सगळे उतरवायला लावले. पुढे दासगणू कमरेवर उघड्या अंगाने, गळ्यात माळ आणि हाती चिपळ्या घेऊनच उभे राहिले. गुरूची थट्टा शिष्याच्या सादरीकरणाची रीतच बदलून गेली. लातूर-नांदेडच्या गावागावांतल्या सप्ताहांत आज वारकरी कीर्तनाचा भर आहे, तिथे अभंगाला पहिला मान. पण कीर्तनात रंगलेला श्रोता बुवांच्या ठरलेल्या दृष्टान्तावर आधीच हसू लागतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. भरपूर लिहिणे म्हणजे भरताड लिहिणे, आणि चाहते त्यावर हसून पांघरूण घालतात. हे काही वेळा खरेच आहे. वामनाच्या अनेक श्लोकांत यमक जुळवण्यापायी अर्थाची ओढाताण होते, गायगॅक्सच्या नियमांत एक पान दुसऱ्या पानाशी भांडते. पण दर रात्री नवे गाव आणि नवा श्रोता ज्याच्यासमोर असतो त्याला नेमके पुष्कळ हवे असते. सात दिवसांच्या उत्सवात एकच उत्तम आख्यान सातदा लावून चालत नाही. तीच भुयारे, तेच राक्षस दर शनिवारी चालत नाहीत. इथे पुरवठा हा गुणाचाच भाग होतो. एकच निर्दोष कृती देऊन गेलेला लेखक अशा लोकांना फारसा कामाचा नाही, आणि ते त्याची थट्टाही करत नाहीत. दुरून नमस्कार करतात.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला पुरता खोडता येत नाही. थट्टेचे नाव बाकी सगळे गिळून बसते. ‘यमक्या’ म्हटले की ‘यथार्थदीपिके’तला तर्ककठोर वेदान्ती कोणाला आठवत नाही, पाठ्यपुस्तकांतून गेलेल्या पिढ्यांना वामन म्हणजे यमक एवढेच ठाऊक. गायगॅक्सच्या बाबतीत तर चेष्टेच्या लाडात शेजारचा माणूस झाकला गेला. एका खेळाडूने एकच पात्र सांभाळायचे आणि ते मोहिमेगणिक वाढत जायचे, ही खेळाची मुख्य कल्पना बरीचशी आर्नेसनची. पण आर्नेसनने थोडे लिहिले, आणि ज्याने थोडे लिहिले त्याच्या खोडी कोणाच्या तोंडी बसत नाहीत. श्रेयाचा वाद दोघांत कोर्टापर्यंत गेला. म्हणजे लाडाची थट्टा न्याय करते असा माझा दावा नाही. ती जे लिहिले गेले आणि वापरले गेले त्याचीच दखल घेते. न लिहिलेल्या कल्पनेची, न उघडलेल्या ग्रंथाची घेत नाही. वेदान्ती वामनावर कोणी विनोद केला नाही, कारण ती टीका आख्यानासारखी कोणाच्या हातात रोज आलीच नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धाळूंचा असेल: संतकवी आणि खेळ लिहिणारा अमेरिकन एका पंक्तीला का? पंक्ती एक नाहीच. भक्त कीर्तनातून जे घेऊन जातो ते फाशाच्या खेळात मिळत नाही, आणि गायगॅक्सला कोणी गुरू करत नाही. तुलना फक्त लिहिणारा आणि त्याचे लिहिलेले वापरणारा यांच्यातल्या व्यवहाराची आहे. श्रद्धा वाढली की हा व्यवहार कसा बदलतो तेही दासगणूंच्याच लेखनात दिसते. १९३९ साली शेगावी त्यांनी ‘गजानन विजय’ लिहिला. त्याचे एकवीस अध्याय आज नांदेड-लातूरपासून विदर्भापर्यंत घरोघरी पारायणाला लावले जातात, आणि पारायणात एक अक्षर इकडचे तिकडे होत नाही. सोवळ्यात बसून वाचणारा त्यातल्या यमकावर हसत नाही, पदरचा संवाद घालत नाही. त्याच दासगणूंचे आख्यान मात्र कीर्तनकार आपल्या हिशेबाने कापतात, वाढवतात, चाल बदलतात आणि मध्येच थांबून महाराजांच्या एखाद्या ठसक्याच्या ओळीवर श्रोत्यांना डोळा घालतात.