2.8 ग्रॅमचा हिशेब

अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्स शहरात 2010 साली एक माणूस सायकलवरून चालला होता. पोलिसांनी अडवलं, झडती घेतली, गांजा सापडला. वजन 2.8 ग्रॅम. दोन सिगारेटी वळता येतील, एवढाच. शिक्षा झाली 13 वर्षे 4 महिने, तीही पॅरोलविना.

ही शिक्षा न्याय्य की अन्याय्य, याआधी मला कुतूहल वाटतं ते त्यातल्या 4 महिन्यांचं. संतापलेल्या न्यायाधीशाने 10 वर्षे ठोठावली असती, 15 ठोठावली असती, तर ते समजलं असतं. हे वरचे 4 महिने आले कुठून? ते आले भागाकारातून. लुइझियाना राज्यात तेव्हा गांजा बाळगताना तिसऱ्यांदा किंवा त्यापुढे सापडलं, तर जास्तीत जास्त 20 वर्षांची कैद होती. शिवाय सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा होता. तिसरा गंभीर गुन्हा असेल, तर कमाल शिक्षेच्या निदान दोन तृतीयांश शिक्षा द्यायलाच हवी, असं त्यात लिहिलेलं. 20 वर्षांचे दोन तृतीयांश म्हणजे बरोबर 13 वर्षे 4 महिने. खालच्या कोर्टाच्या गळी हे उतरलं नाही, तिथे 5 वर्षांची शिक्षा झाली. सरकार पक्ष अपिलात गेला आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 5 वर्षे खोडून कायद्यातला आकडा लावायला सांगितलं. पुढे बरीच खटपट होऊन शिक्षा कमी झाली. 7 वर्षे आत काढून हा माणूस 2018 च्या एप्रिलमध्ये बाहेर आला. आणि 2021 च्या ऑगस्टपासून त्याच राज्यात 14 ग्रॅमपर्यंत गांजा सापडला, तर फार तर 100 डॉलर दंड होतो. आधी कितीही वेळा पकडले गेलेले असा, कैद नाही.

तर मग, नुसता गांजा बाळगला म्हणून अमेरिकेत लोक खरोखर वर्षानुवर्षं तुरुंगात असतात का? या प्रश्नावर तिथे दोन तट आहेत आणि दोघांच्याही हातात खणखणीत आकडे आहेत. एक बाजू म्हणते, 2018 या एकाच वर्षात गांज्यापायी 6 लाख 63 हजारांवर अटका झाल्या आणि त्यांतल्या सुमारे 92 टक्के नुसत्या बाळगण्याबद्दल होत्या. आकडा एफबीआयचा आहे. दुसरी बाजू म्हणते, ऑक्टोबर 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी साध्या गांजाबाळगीच्या केंद्रीय गुन्ह्यात दोषी ठरलेल्या सुमारे साडेसहा हजार जणांना माफी दिली, तेव्हा त्या माफीने तुरुंगाचं दार कुणासाठीच उघडलं नाही. कारण केवळ त्या एका गुन्ह्यासाठी केंद्रीय तुरुंगात त्या घडीला एकही कैदी नव्हता.

दोन्ही आकडे खरे आहेत. मला तरी हा विषय इथूनच रंगतदार वाटायला लागतो.

पहिली मेख अशी की अटक आणि कैद यांत फार मोठं अंतर आहे. पकडलेल्यांतले बहुतेक जण एखादी रात्र कोठडीत काढतात, दंड भरतात, नाहीतर काही महिने देखरेखीखाली राहून मोकळे होतात. नोकरी जाते, भाड्याचं घर मिळत नाही, परदेशी नागरिक असेल तर देशाबाहेर काढलं जातं. पण त्याला तुरुंगवास म्हणत नाहीत. दुसरी मेख, अमेरिकेत फौजदारी कायदे दोन पातळ्यांवर चालतात. खिशातल्या पुडीचा खटला बहुधा राज्याच्या कोर्टात चालतो, केंद्राच्या नाही. राष्ट्राध्यक्षांची माफी राज्याच्या कैद्यांपर्यंत पोहोचत नाही. तिथे अधिकार गव्हर्नरचा, नाहीतर राज्याच्या माफी मंडळाचा. तिसरी मेख सर्वांत चिवट. तिथले बहुसंख्य खटले शेवटपर्यंत चालतच नाहीत. आरोपी गुन्हा कबूल करतो, सरकारी वकील कलम सौम्य करतात आणि सौदा होतो. त्यामुळे कागदावर 'बाळगणे' असं लिहिलेला एखादा कैदी प्रत्यक्षात मोठा विक्रेता असू शकतो, आणि 'विक्रेता' म्हणून आत गेलेला एखादा भुकेला फाटका माणूस.

त्या फाटक्या माणसाची गोष्ट मी बनवलेली नाही. लुइझियानातल्याच श्रीव्हपोर्ट गावात 2008 साली रस्त्यावर राहणाऱ्या एका माणसाला साध्या वेशातल्या पोलिसाने गाठलं आणि गांजा मिळेल का, असं विचारलं. वर 5 डॉलरची दलाली कबूल केली. त्या पैशांत पोटाला काहीतरी मिळेल, म्हणून याने दुसऱ्याकडून 20 डॉलरच्या दोन पुड्या आणून दिल्या. पोलिसांनी खुणा केलेली 20 डॉलरची नोट त्या दुसऱ्याकडे सापडली. त्याला हात लावला नाही. पुड्या पोचवणारा मात्र 'वितरक' ठरला. ज्यूरीतल्या 10 जणांनी दोषी म्हटलं, दोघांनी नाही म्हटलं. लुइझियानात त्या काळी एवढ्यावर भागत असे. पूर्वीचे तीन गुन्हे नोंदीला होते, त्यांतला पहिला सतराव्या वर्षी केलेली घरफोडी. या तिन्हींवर हा चौथा रचला गेला आणि जन्मठेप झाली, पॅरोलची आशा नसलेली. 12 वर्षांनी, 2020 च्या डिसेंबरमध्ये वकिलांनी त्याची शिक्षा बदलून घेतली. बाहेर आल्यावर काही महिन्यांतच त्याचा खून झाला.

आपल्याकडे शिशुपालाचे शंभर अपराध भरले, असं म्हणतात. अमेरिकेतले सराईतपणाचे कायदे तसेच मोजत बसतात. फरक इतकाच की शिशुपालाला निदान शंभराची मुभा होती, इथे तिसऱ्या-चौथ्यालाच चक्र सुटतं. शेवटचा अपराध केवढा होता, याला मग फारसा अर्थ राहत नाही. शिक्षा मागची सगळी पानं उलटून ठरते आणि निकालपत्रावर नाव मात्र गांज्याचं येतं.

मागची पानंसुद्धा नंतर बदलता येतात, हे मला मिसिसिपीच्या खटल्यात कळलं आणि मी थक्क झालो. तिथे 2017 मध्ये पोलीस एका माणसाच्या घरात शिरले, पाच पिशव्यांत हिरवा पाला सापडला. प्रयोगशाळेने त्यांतल्या दोनच पिशव्या तपासल्या. त्यांत 43.71 ग्रॅम गांजा निघाला. 30 ग्रॅमची रेघ ओलांडली होती. एरवी या वजनाला जास्तीत जास्त 3 वर्षे. पण याच्या नावावर 2004 च्या दोन घरफोड्या होत्या आणि 2015 चा बेकायदा शस्त्र बाळगल्याचा एक गुन्हा. घरफोडी करताना कुणाच्या केसाला धक्का लागला होता का, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. कारण मिसिसिपीने 1 जुलै 2014 पासून प्रत्येक घरफोडीला हिंसक गुन्हा ठरवलं होतं. म्हणजे घरफोडी केली त्या वर्षी ती हिंसक नव्हती, दहा वर्षांनी झाली. 'हिंसक सराईत' हा शिक्का बसला की कायद्यात एकच शिक्षा उरते: जन्मठेप, पॅरोल नाही. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती जून 2022 मध्ये कायम केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत मिसिसिपीच्या गव्हर्नरने औषध म्हणून गांजा विकायला परवानगी देणाऱ्या कायद्यावर सही केली होती.

बंदूक जवळ असली की हिशेब आणखी वेगळा. युटा राज्यातला वेल्डन अँजेलोस हा पंचविशीच्या आतला तरुण, गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचा धंदा करणारा. त्याने खबऱ्याला तीनदा गांजा विकला, दर वेळी आठ औंस, म्हणजे पाव किलोच्या जरा आत. बंदूक त्याने कुणावर रोखली नाही, जवळ होती म्हणे. केंद्रीय कायद्यात बंदुकीसह पहिल्या गुन्ह्याला 5 वर्षे आणि पुढच्या प्रत्येकाला 25, एकामागून एक भोगायची. 5, 25 आणि 25 मिळून 55 वर्षे. न्यायाधीश पॉल कॅसेल यांनी त्याच दिवशी, काही तास आधी, एका वृद्धेला लाकडाच्या ओंडक्याने मारून टाकणाऱ्या माणसाला सुमारे 22 वर्षांची शिक्षा दिली होती. 2004 च्या त्या निकालपत्रात त्यांनी विमान पळवणाऱ्यालाही याहून कमी शिक्षा होते, हे मांडून दाखवलं, ही शिक्षा क्रूर आणि अतार्किक असल्याचं लिहिलं, राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी अशी विनंती केली, आणि तीच शिक्षा ठोठावली. हात बांधलेले होते. अँजेलोस 2016 मध्ये सुटला, 2020 च्या अखेरीस ट्रम्प यांनी त्याला माफी दिली. एकाच खटल्यात 25-25 वर्षांची अशी चळत रचण्याची सोय 2018 च्या कायद्याने काढून टाकली.

ही कठोरता जुनी आहे. 1956 च्या केंद्रीय कायद्यात पहिल्यांदा गांजा बाळगताना सापडलं तरी निदान 2 वर्षे होती, वर 10 पर्यंत. टेक्सासमध्ये 1973 पर्यंत कितीही थोडा गांजा असला तरी 2 वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत काहीही होऊ शकत असे. मिशिगनमध्ये जॉन सिंक्लेअर या कवीला गुप्त पोलिसांना दिलेल्या गांज्याच्या दोन सिगारेटी बाळगल्याबद्दल 1969 साली 10 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. 1971 च्या डिसेंबरात जॉन लेनन त्याच्यासाठी ॲन आर्बर गावात गायला आणि तीन दिवसांनी सिंक्लेअर सुटला. लेनन सगळ्यांच्याच वाट्याला येत नाही. व्हर्जिनियातल्या एकाला नऊ औंस गांज्यापायी, विक्री आणि विकण्यासाठी बाळगणे अशा दोन आरोपांखाली, 40 वर्षे झाली. हट्टो विरुद्ध डेव्हिस या नावाने हा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने 1982 साली सांगितलं की कैद किती वर्षांची असावी, हे विधिमंडळाने ठरवायचं. एका न्यायमूर्तींनी मनाविरुद्ध, आधीच्या निकालाला बांधील आहे म्हणून, होकार भरला.

आता आपल्याकडे पाहू. कारण 1985 च्या आपल्या अमली पदार्थ कायद्यातही काटा आणि वजन यांचंच राज्य आहे. आज गांजा 1 किलोपर्यंत असेल तर 'अल्प प्रमाण', फार तर वर्षभराची कैद किंवा दंड. 20 किलोच्या वर गेला की 'व्यापारी प्रमाण', मग किमान 10 वर्षे, कमाल 20, आणि जामीन मिळणं महाकठीण. आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, अशी कोर्टाची खात्री पटावी लागते. मधल्या प्रमाणाला 10 वर्षांपर्यंत. हे तीन टप्पे 2001 च्या दुरुस्तीने आले. त्याआधी स्वतःसाठीची चिमूटभर वगळली, की चरसाला थेट किमान 10 वर्षे आणि लाखाचा दंड, गांज्याला मात्र याहून कमी.

त्या जुन्या काळातला गोव्याचा एक खटला 1993 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला होता. एका परदेशी माणसाकडे चरसाचे दोन तुकडे सापडले होते, मिळून सुमारे 12 ग्रॅम. त्याला 10 वर्षे झाली. चरसासाठी अल्प प्रमाणाची मर्यादा तेव्हा 5 ग्रॅम. न्यायालयाने मुद्देमालाचे कागद बघितले तर पोलिसांनी रासायनिक तपासणीला एकच तुकडा पाठवलेला, आणि त्याचं वजन 5 ग्रॅमच्या आत! दुसरा तुकडा चरसच होता, याला पुरावा काय? 10 वर्षांची शिक्षा 6 महिन्यांवर आली. मिसिसिपीत पाचपैकी दोन पिशव्या तपासल्या आणि तेवढ्या जन्मठेपेला पुरल्या. इथे दोनपैकी एक तुकडा तपासला आणि साडेनऊ वर्षे वाचली.

तुरुंगात जाणाऱ्याचं नशीब प्रयोगशाळेत काय पाठवलं यावर ठरतं, हे वाचायला गमतीचं वाटतं, भोगायला नसावं. आपल्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. भांग त्यामुळेच वेगळी राहिली. पण शेतात छापा पडला आणि झाडं मुळापासून उपटून पानं-देठांसकट तोलली, तर 20 किलो व्हायला कितीसा वेळ? बचावाचे वकील नेमकं याच वजनावर बोट ठेवतात.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर असं: हो, वर्षानुवर्षं तुरुंगात असतात. अटक झालेल्यांच्या मानाने थोडे, पण आहेत. आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची वर्षं गांज्याने मोजलेली नसतात. जुने गुन्हे, जवळची बंदूक, पुड्यांची संख्या, 30 ग्रॅमची किंवा 20 किलोची रेघ, यांनी मोजलेली असतात. म्हणून 'गांजा बाळगला म्हणून जन्मठेप' अशी बातमी वाचनात आली तर ती खोटी समजून सोडून देऊ नका आणि लगेच पुढेही पाठवू नका. आधी वजन किती होतं, तपासलं किती, कलम बाळगण्याचं की विकण्याचं आणि मागे काय काय नोंदलेलं होतं, एवढं शोधा. शीर्षकात यातलं काहीही नसतं.