आश्विनातील ओटी

आश्विन लागला की आम्हां किनवटकरांच्या घरांना उसंत नसते. शेतात सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. घरात घटस्थापना, माळा, अखंड दीप. परतीचा पाऊस हाताशी आलेले पीक केव्हा भिजवील, याचा नेम नाही. याच धांदलीत दुसऱ्या अपत्याची आस धरलेली तरुण जोडपी माहूरची वाट धरतात. साडेतीन शक्तिपीठांतील रेणुकामातेची ओटी भरून ती अनसूयेच्या दर्शनास जातात. अतिथी होऊन आलेल्या तिन्ही देवांना जिने बाळे करून मांडीवर घेतले, तिच्यापुढे मनीचे मागणे बोलले जाते.

आम्हांस वाटते, या नवसाचा भार एकट्या सुनेवर पडू नये. विलंबाचे कारण पुरुषातही असू शकते. म्हणून वैद्यकीय तपासणी दोघांनीही करून घ्यावी. मुलगाच हवा, हा हट्ट देवीच्या दारी तरी नसावा. रेणुका, अनसूया याही कुणाच्या लेकीच.

घटाभोवती पेरलेले धान्य आपण पाणी घालून जपतो. अंकुर फुटणे आपल्या हाती नसते. तोवर जे लेकरू मांडीवर आहे, त्याच्या हातून घटाला एक माळ वाहवावी.