पहिले इंग्रज-मराठा युद्ध : निमित्त, कारण आणि परिणाम



मागील वर्षी तलवाड्याहून संपर्कसत्राला येणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘‘सर, बखरी आणि ऐतिहासिक पत्रे मराठीच्या अभ्यासक्रमात का आहेत हे समजते, पण इंग्रज आणि मराठे यांच्या युद्धाशी आमच्या भागाचा काय संबंध? आम्ही तर निजामाच्या मुलखातले.’’ प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर तिच्याच तालुक्यात होते. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे, गोदावरीच्या काठी, १० ऑगस्ट १७६३ रोजी पेशवे आणि निजाम यांची मोठी लढाई झाली. त्या लढाईत रघुनाथराव शत्रूच्या गराड्यात सापडले होते. त्यांच्या मदतीला धावून गेला तो त्यांचा अठरा वर्षांचा पुतण्या, माधवराव पेशवा. ज्या काकांना त्या दिवशी पुतण्याने वाचवले, तेच काका बारा वर्षांनी इंग्रजांची फौज घेऊन पेशव्यांच्या राज्यावर चालून आले. या घटकात आपल्याला अभ्यासायचे आहे ते हेच युद्ध : १७७५ ते १७८२.

आरंभीच एक भेद मनात पक्का करा. मराठीत ‘निमित्त’ आणि ‘कारण’ हे दोन निराळे शब्द आहेत. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. इतिहासाचे उत्तर लिहिताना मात्र असे करून चालत नाही. ठिणगी हे निमित्त असते. कडब्याची गंजी आधीपासून रचलेली असते.

या युद्धाचे निमित्त सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव थेऊर येथे निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांच्या हातून मारले गेले. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार या प्रसंगाशी जोडला जातो. मूळ हुकमात ‘धरावे’ होते आणि आनंदीबाईंनी ते ‘मारावे’ केले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भाषेचा अभ्यासक म्हणून माझे मत असे की, वाक्प्रचार टिकला एवढ्याने त्यामागची कथा सिद्ध होत नाही. एका अक्षरावर राज्य फिरले ही कल्पनाच इतकी चटकदार आहे की, पुराव्याची वाट न पाहता ती लोकांच्या तोंडी रुळली. रामशास्त्र्यांनी खुनाचा दोष रघुनाथरावांवर ठेवला. नाना फडणीस, सखारामबापू, हरिपंत फडके प्रभृती कारभारी एकत्र आले. हेच ‘बारभाई’. एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांना पुत्र झाला, तो सवाई माधवराव. रघुनाथरावांचा गादीवरचा दावा संपला आणि ते मदतीसाठी इंग्रजांकडे वळले.

इथवर हा घरातला तंटा होता. त्यात इंग्रज का पडले? बहुतेक उत्तरपत्रिकांत ‘रघुनाथरावांनी बोलावले म्हणून’ असे लिहिलेले आढळते. आता तारखा पाहा. रघुनाथराव आणि मुंबईकर इंग्रज यांच्यातील सुरतचा तह मार्च १७७५ चा आहे. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला तो डिसेंबर १७७४ च्या अखेरीस. म्हणजे बोलावणे पक्के होण्याआधीच पाहुणा घरात शिरला होता. कारण शोधायचे ते या दोन-तीन महिन्यांच्या अंतरात.

मुंबई तेव्हा एक लहानसे बेट होते. तिचे उत्पन्न तिच्या खर्चाला पुरत नसे. शेजारची साष्टी आणि वसई हाती आल्यास बंदर सुरक्षित होईल आणि महसूलही मिळेल, असा मुंबईकरांचा हिशेब होता. हा मुलूख चिमाजीअप्पांच्या मोहिमेत, १७३७ ते १७३९ या काळात, मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकला होता. १७७२ मध्ये मॉस्टिन हा इंग्रज वकील पुण्यास आला, तो याच जागा पदरात पडतात का हे पाहण्यासाठी. त्या वेळी नारायणराव जिवंत होते. खून व्हायचा होता. पुढे सुरतच्या तहात रघुनाथरावांनी साष्टी आणि वसई देण्याचे कबूल केले, तेव्हा मुंबईकरांना हवे होते तेच त्यांना मिळाले.

येथे थोडे समुद्रापलीकडे पाहू. व्यापार करणारी इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी त्या वेळी कर्जात बुडाली होती. तिला सावरण्यासाठी १७७३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने दोन कायदे केले. एकाने कंपनीचा चहा अमेरिकेतील वसाहतींत विकण्याची सोय केली. तोच चहा डिसेंबर १७७३ मध्ये बॉस्टन बंदरात पाण्यात फेकला गेला आणि १७७५ मध्ये अमेरिकेत युद्ध पेटले. दुसऱ्या कायद्याने मुंबईच्या युद्ध आणि तहाच्या व्यवहारांवर कलकत्त्याचा अंकुश आला. त्यामुळे कलकत्त्याने सुरतचा तह अमान्य केला आणि मार्च १७७६ मध्ये बारभाईंशी पुरंदरचा नवा तह केला. मुंबईकरांनी तो मनापासून पाळला नाही. रघुनाथरावांना आश्रय देणे चालूच ठेवले. १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच गृहस्थ पुण्यात आला आणि १७७८ मध्ये फ्रान्स अमेरिकेच्या बाजूने युद्धात उतरला. आता पुण्यातील एका फ्रेंचाच्या वास्तव्यानेही कलकत्त्याची झोप उडू लागली. अशा रीतीने पुण्याचा तंटा आणि अमेरिकेचा लढा एकाच जागतिक झगड्याची दोन टोके बनली.

नोव्हेंबर १७७८ मध्ये मुंबईची फौज रघुनाथरावांना घेऊन पुण्याकडे निघाली. पुण्यातील मोरोबा फडणीस आणि खुद्द सखारामबापू यांनी इंग्रजांशी संधान बांधले होते, तेव्हा शहर आतून उघडेल अशी आशा होती. नानांनी तो कट मोडून काढला. महादजी शिंदे यांनी समोरासमोर लढाई देण्याऐवजी वाटेवरचा दाणा-वैरण नाहीसा केला. इंग्रज तळेगावास पोहोचले तेव्हा गाव जळत होते. पुणे जवळ असूनही पुढे जाण्याचा धीर झाला नाही. रातोरात जड तोफा तळ्यात टाकून फौज मागे फिरली आणि वडगाव येथे वेढली गेली. जानेवारी १७७९ मध्ये तेथे जो करार झाला, त्यात १७७३ पासून घेतलेला सर्व मुलूख परत देणे आणि रघुनाथरावांना सोडणे इंग्रजांना मान्य करावे लागले.

या मोहिमेत कार्ल्याजवळ पडलेल्या कॅप्टन स्टुअर्टला मराठी मुलखाने ‘इष्टूर फाकडा’ म्हटले. शब्दारंभीच्या ‘स्ट’ला आपल्या बोलींत ‘इ’चा आधार लागतो; स्टेशनचे ‘इष्टेशन’ होते, तसेच हे. ‘फाकडा’ म्हणजे शूर, रुबाबदार. शत्रूच्या नावाला असे मराठी वळण देऊन वर गौरवाचे पद लावणारी भाषा त्या युद्धाकडे द्वेषाने पाहत नव्हती, हे ध्यानात घ्या.

वडगावचा करार मुंबई आणि कलकत्ता या दोघांनीही नाकारला. पुढील तीन वर्षांचा तपशील थोडक्यात असा : गॉडर्डने उत्तरेकडून येऊन १७८० मध्ये अहमदाबाद आणि वर्षाअखेर वसई घेतली, पॉपहॅमने ग्वाल्हेरचा किल्ला घेतला, पुण्याकडे निघालेल्या गॉडर्डला मात्र १७८१ मध्ये खंडाळ्याहून हात चोळत परतावे लागले. नानांनी हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची जूट बांधली होती. हेस्टिंग्जने निजाम आणि भोसले यांना त्यातून अलगद बाजूला काढले. ऑक्टोबर १७८१ मध्ये महादजींनी इंग्रजांशी स्वतंत्र समझोता केला. त्याच महिन्यात अमेरिकेत यॉर्कटाउन येथे कॉर्नवॉलिस शरण गेला.

१७ मे १७८२ रोजी सालबाईचा तह झाला. वसई आणि पुरंदरच्या तहानंतर जिंकलेली ठाणी मराठ्यांना परत मिळाली. रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. साष्टी इंग्रजांकडेच राहिली. हे वाक्य पुन्हा वाचा. ज्यासाठी युद्ध झाले ती गोष्ट इंग्रजांना मिळाली आणि जे निमित्त होते ते रघुनाथराव त्यांनी सोडून दिले. मराठे रणांगणावर हरले नव्हते. तरीही तहाच्या कागदावर पारडे कुणाकडे झुकले ते उघड आहे. हैदरला वाऱ्यावर सोडणारा हा तह नानांना रुचला नव्हता. डिसेंबर १७८२ मध्ये हैदर वारला, त्यानंतर फेब्रुवारी १७८३ मध्ये पुण्याने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या तहातील सर्वांत दूरगामी बाब मुलखाची नव्हे, तर भूमिकेची होती. तहाच्या पालनाची हमी महादजींनी घेतली. त्यामुळे पेशव्यांचा सरदार पेशवे आणि इंग्रज यांच्यामधला तिसरा पक्ष झाला. महादजींचे कर्तृत्व याने वाढले यात शंका नाही. दिल्लीचे राजकारण आणि द बॉयनकडून तयार करून घेतलेली कवायती पलटणे ही त्याची फळे होत. पण पुणे आणि शिंदे यांच्यातील दरी इंग्रजांना स्पष्ट दिसली. १७८६ मध्ये मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यात आला आणि ही दरी रोज जवळून पाहता येऊ लागली. त्याच वर्षी कलकत्त्यास गव्हर्नर जनरल म्हणून आला तो यॉर्कटाउनचाच कॉर्नवॉलिस. अमेरिकेतील वसाहती गमावल्यावर हिंदुस्थानचे मोल इंग्लंडला अधिकच वाटू लागले होते.

तहाने सुमारे वीस वर्षे इंग्रजांशी शांतता लाभली. त्या काळात, १७९५ मध्ये, मराठ्यांनी बीड जिल्ह्याच्या सीमेलगत खर्डा येथे निजामाचा पुन्हा पराभव केला. इंग्रज त्या लढाईत तटस्थ राहिले. रघुनाथराव १७८३ मध्ये कोपरगाव येथे वारले होते. त्यांचा पुत्र बाजीराव पुढे पेशवा झाला आणि १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांपुढे पुणे सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. तैनाती फौज स्वीकारण्याचा करार त्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी ज्या गावी केला, ते गाव होते वसई. पित्याने सुरतेस देऊ केलेली आणि सालबाईस परत मिळालेली. पुढच्याच सप्टेंबरात आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे वेलस्लीच्या तोफा धडाडल्या.

स्वाध्याय : सुरत, पुरंदर, वडगाव आणि सालबाई हे चार करार क्रमाने लिहा. प्रत्येकापुढे साष्टी कोणाच्या ताब्यात राहिली आणि रघुनाथरावांचे काय ठरले, एवढेच नोंदवा. त्यानंतर युद्धाचे निमित्त आणि कारण यांवर दहा ओळी स्वतःच्या शब्दांत लिहून पुढील संपर्कसत्रास आणा.