शिवशाहिरांची दास्यभक्ती

कार्तिक शुद्ध एकादशी! चार मासांच्या योगनिद्रेनंतर भगवान श्रीविष्णू या दिवशी जागे होतात, अशी आपली श्रद्धा. चंद्रभागेचे स्नान, नामघोष आणि कीर्तन यांनी पंढरी दुमदुमून जाते. २०२१ सालच्या कार्तिकीला मात्र सकाळीच वार्ता आली आणि आमच्या हातांतील चिपळ्या क्षणभर थांबल्या. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांनी पुण्यात देह ठेवला होता. १९२२ सालच्या नागपंचमीस जन्मलेला हा शिवभक्त वयाच्या शंभराव्या वर्षी प्रबोधिनी एकादशीस वैकुंठवासी झाला.

त्यांचा ‘राजा शिवछत्रपती’ हा ग्रंथ आणि त्यांची व्याख्याने घरोघरी परिचित आहेत. आज आम्हांस स्मरण होते ते ‘जाणता राजा’चे. समर्थ रामदासस्वामींच्या शब्दांवरून नाव घेतलेले हे महानाट्य १९८५ साली रंगमंचावर आले. शिवजन्मापूर्वीच्या काळोखापासून १६७४ च्या राज्याभिषेकापर्यंतचा इतिहास दोनशेंहून अधिक कलावंत, हत्ती, घोडे आणि उंट यांसह उभा राहू लागला. पुढे महाराष्ट्राबाहेर, अमेरिकेतदेखील त्याचे प्रयोग झाले. त्यांची एकूण संख्या हजाराच्या पुढे गेली.

येथे आम्ही आमचा एक दोष कबूल करतो. तेव्हा आम्ही नुकतेच कीर्तनास उभे राहू लागलो होतो. नारदांच्या गादीवरून एकटा कीर्तनकार शब्दांनी अवघी शिवसृष्टी उभी करतो, मग हत्ती-घोडे हवेत कशाला, असा आमचा ताठा होता. त्याच ताठ्याने आम्ही प्रयोगास गेलो. आरंभी भवानीमातेची आरती झाली आणि सहस्रावधी माणसे उभी राहिली. राज्याभिषेकाच्या प्रसंगी शेजारच्या वृद्ध माउलीने पदर सावरून हात जोडले. तिच्यापुरते ते नाटक उरलेच नव्हते.

त्याहून मोठा धडा नंतर उमगला. या महानाट्यातील संवाद आधीच ध्वनिमुद्रित केलेले असतात. नट केवळ ओठ हलवतो, शस्त्र पेलतो, मुजरा करतो. स्वतःचा आवाज मिरविण्याची सोय तेथे कोणालाच नाही. कोपऱ्यात भाला घेऊन उभ्या असलेल्या मावळ्याचे नावही प्रेक्षकांस ठाऊक नसते, तरी तो रात्रीमागून रात्री ताठ उभा राहतो. नवविधा भक्तीत श्रवण पहिले, कीर्तन दुसरे आणि दास्य सातवे. आम्ही दुसऱ्या पायरीवरच अभिमान धरून बसलो होतो आणि तो अनाम भालेकरी सातवीवर पोहोचला होता! बाबासाहेबांनी माणसांना इतिहास ऐकविला, आणि काही काळ महाराजांचे सेवक म्हणून जगावयासही शिकविले.

त्यांच्या इतिहासमांडणीवर आक्षेप घेणारेही होते. २०१५ साली महाराष्ट्रभूषण पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा वाद विकोपास गेला. इतिहासाचा निवाडा अभ्यासकांनी कागदपत्रांवरून करावा. तो अधिकार आम्ही घेत नाही. परंतु शेकडो हौशी माणसांना एका सूत्रात ओवणे हे येरागबाळ्याचे काम नव्हे, हे मात्र आम्ही साक्षीने सांगू शकतो.

त्यांच्या पश्चातही ‘जाणता राजा’चे प्रयोग झाले आहेत. नायक गेला तरी सेवा खंडित झाली नाही, यातच त्याच्या नेतृत्वाची कसोटी आहे. वाचकहो, आज देव जागे होत आहेत. आमचा ‘मी’ मात्र निजावा आणि सेवेचा एखादा भाला आमच्याही हाती यावा, हीच श्रीविठ्ठलचरणी प्रार्थना!