वाटीत काय, वाटीमागे कोण?

पहाटे चारच्या सुमारास पुण्याच्या मार्केट यार्डात गेलात तर पाय ठेवायला जागा मिळत नाही. नारायणगावचा टोमॅटो, पुरंदरचा वाटाणा, मेथी-पालकाच्या ओल्या जुड्या, गाड्या मागे घेणाऱ्या ड्रायव्हरांची आरडाओरड. तिथून रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांत बिबवेवाडीचा चढ चढून अप्पर डेपोपाशी येता येतं. यार्डात हमाली करणारे, भाजी निवडणाऱ्या बाया, आजूबाजूच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करणाऱ्या बाया, यांतल्या अनेकांची घरं याच चढावर, अप्पर आणि लोअर इंदिरानगरच्या गल्ल्यांत आहेत. सकाळी सातला त्या गल्ल्यांतून फिरलं, तर उंबऱ्यावर बसलेल्या दीड-दोन वर्षांच्या पोरांच्या पुढ्यात बहुधा एकच गोष्ट दिसते: बशीतल्या चहात बुडवलेलं बिस्कीट.

हे पाहून सुशिक्षित माणूस चटकन म्हणतो, ‘या बायकांना कळत नाही.’ मला ते पटत नाही. आई साडेसहाला कामावर गेलेली असते आणि धाकट्याला सांभाळायला आठ-नऊ वर्षांची ताई घरी असते. गॅस न पेटवता, सुरी न लावता तिला भावाच्या हातात जे ठेवता येतं, ते म्हणजे पाच रुपयांचा पुडा. पैसे कमी पडतात हे खरंच; त्याहून जास्त कमी पडतो तो मोठ्या माणसाचा वेळ. लहान मुलांच्या मेंदूवरचं गेल्या चाळीस वर्षांतलं संशोधन वाचत गेलं की या बशीचा अर्थ हळूहळू उलगडतो.

आधी मेंदूच्या भुकेविषयी. जन्मतः बाळाचा मेंदू साधारण साडेतीनशे ते चारशे ग्रॅमचा असतो आणि वर्षभरात दुप्पट होतो. तुमचा-माझा मेंदू स्वस्थ बसलेल्या शरीराच्या ऊर्जेपैकी सुमारे पाचवा हिस्सा खातो. तान्ह्या बाळाचा मेंदू निम्म्याहून जास्त खातो आणि चार-पाच वर्षांच्या वयात हा वाटा दोन-तृतीयांशापर्यंत जातो. म्हणजे घास मुलाच्या तोंडात गेला तरी त्याचा मोठा वाटेकरी वरच्या मजल्यावर बसलेला असतो. ताटात कमी पडलं की शरीर आधी उंची वाढवणं थांबवतं. मेंदूला शेवटपर्यंत जपायचा प्रयत्न होतो, पण तो दर वेळी जमत नाही.

आपल्याकडे सहाव्या महिन्यात उष्टावण होतं. चांदीची नाही तर स्टीलची वाटी, चमच्याच्या टोकावर खीर, मामाच्या मांडीवर बाळ. सोहळा अगदी वेळेवर होतो, गडबड दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. ‘बाळाला पचायला हलकं’ म्हणून जे दिलं जातं ते वरणाचं पाणी, भाताची पेज, फार तर डाळीचा कट. सहा-सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी जेमतेम एक वाटी मावते. ती वाटी पाण्याने भरली की पोट गच्च होतं आणि कॅलरी मात्र नावापुरत्या जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने आईच्या दुधाखेरीज सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला वरच्या अन्नातून रोज सुमारे २०० कॅलरी लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३०० आणि वर्षानंतर साडेपाचशे. पाणीदार वरणातून हा आकडा गाठणं अशक्यच. यावरची कसोटी सोपी आहे: चमचा तिरका केला तर घास चटकन ओघळता कामा नये. तेच वरण, तोच भात, पण घट्ट कालवलेला, वर चमचाभर तेल. त्या एका लहान चमच्यात जवळपास ४५ कॅलरी असतात आणि वाटीचा आकार तसूभरही वाढत नाही. तेलाला घरात ‘बाळाला खोकला होईल’ म्हणून जो विरोध होतो, तो मी स्वतःच्या घरातही ऐकलेला आहे.

कॅलरीइतकीच महत्त्वाची गोष्ट लोह. पोटात असताना आईकडून आणलेला लोहाचा साठा बाळाला साधारण सहा महिने पुरतो. आईच पांढरीफटक असेल तर शिदोरी मुळातच तुटपुंजी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना आणि पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. मेंदूतल्या तंतूंवर विजेच्या वायरीवर असतं तसं एक आवरण चढत असतं आणि ते चढायला लोह लागतं. चिलीतल्या संशोधकांनी सहा महिन्यांच्या बाळांची तपासणी केली, तेव्हा रक्तक्षय असलेल्या बाळांच्या कानातून मेंदूकडे जाणारा संदेश सावकाश पोचत होता. लोह देऊन रक्त सुधारलं, तरी चौथ्या वर्षी तो संदेश मागेच होता. आता पुन्हा त्या बशीकडे पाहा. चहातली टॅनिनं अन्नातलं लोह धरून ठेवतात, शरीराला घेऊ देत नाहीत. घट्ट वरणावर लिंबू पिळलं तर बरोबर उलटं होतं.

पुण्याने या विषयात जगाला शिकवलेला एक धडा आहे आणि तो पुणेकरांनाच फारसा ठाऊक नाही. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांमधल्या बायकांचा गरोदरपणाआधीपासून माग घेतला. तिथली पूर्ण दिवसांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. गरोदरपणात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं मोठी निघाली. बहुसंख्य बायकांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते मिळतं दूध, अंडी, मांस-मासळीतून आणि दूध तर बहुतेक चहापुरतंच. या आयांची मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांना काही चाचण्या दिल्या गेल्या. गरोदरपणात ज्यांचं बी-१२ कमी होतं त्यांची मुलं लक्ष टिकवण्यात आणि ऐकलेले आकडे उलट क्रमाने सांगण्यात मागे पडली. म्हणजे मुलाची वाटी तो जन्मायच्या आधीच भरायला किंवा रिती राहायला लागलेली असते.

‘आमच्याकडे सगळेच बुटके’ हा युक्तिवादही इथेच निकालात काढू. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीचे तक्ते काढले, ते सहा देशांतली नीट खाणारी, अंगावर पिणारी, धुरापासून दूर वाढलेली मुलं मोजून. त्यांत दक्षिण दिल्लीतली मुलंही होती आणि ती नॉर्वेच्या मुलांच्या बरोबरीने वाढली. दोन वर्षांच्या मुलग्याची उंची साधारण ८७ सेंटिमीटर असते. ८१ च्या खाली असेल तर तो खुरटलेला. महाराष्ट्रात पाच वर्षांखालची पस्तीस टक्के मुलं या खुरटलेल्यांत मोडतात.

इथपर्यंत सगळा हिशेब अन्नाचा झाला. आता किंग्स्टनला जाऊ.

जमैकाच्या या राजधानीतल्या गरीब वस्त्यांमध्ये १९८६ च्या सुमारास सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ ते २४ महिन्यांची १२९ खुरटलेली मुलं निवडली आणि चार गट पाडले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूध पावडर. दुसऱ्या गटाच्या घरी आठवड्यातून एकदा तासभर आरोग्यसेविका. ती आईसमोर बसून मुलाशी खेळायची आणि आईला खेळायला लावायची. खेळणी विकतची नव्हती, टाकाऊ बाटल्या, झाकणं, पुठ्ठ्यांची केलेली. जाताना ती घरीच ठेवायची, पुढच्या आठवड्यात बदलायची. तिसऱ्या गटाला दोन्ही, चौथ्याला काहीच नाही. असं दोन वर्षं चाललं. दूध मिळालेली मुलं सुधारली, खेळलेलीही सुधारली आणि दोन्ही मिळालेली सगळ्यांत जास्त. खरी गंमत वीस वर्षांनी कळली. हीच मुलं बावीस वर्षांची झाल्यावर पुन्हा शोधली गेली, तेव्हा दुधाचा परिणाम शोधून सापडेना. आठवड्यातून तासभर ज्यांच्या घरी कुणी खेळायला येत होतं, ती मात्र इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त कमावत होती.

यावरून कुणी ‘म्हणजे खाण्याने काही होत नाही’ असं म्हणू लागलं तर त्याला ग्वाटेमाला दाखवावा. तिथल्या खेड्यांत १९६९ पासून मुलांना प्रथिनयुक्त आटोल म्हणजे एक प्रकारची लापशी दिली गेली. जन्मापासूनच्या पहिल्या दोन वर्षांत ज्यांना ती मिळाली, त्या पुरुषांची तासाची कमाई मोठेपणी ४६ टक्क्यांनी जास्त निघाली. तिसऱ्या वर्षानंतर ज्यांना मिळाली, त्यांना कमाईत असा फायदा दिसला नाही. जमैकातल्या बऱ्याच मुलांची ती पहिली खिडकी दूध यायच्या आधीच अर्धी मिटलेली होती. अन्नाला मुहूर्त लागतो आणि तो लवकरचा असतो.

१२९ मुलांवर सगळ्या जगाचं धोरण टांगणं मलाही धाडसाचं वाटतं. पण हाच प्रयोग पुढे कटकच्या झोपडपट्ट्यांमध्ये झाला: ५४ वस्त्या, ४२१ मुलं, वस्तीतल्याच बायका, आठवड्याला एक भेट, दीड वर्षं. मुलांची उंची-वजनं हलली नाहीत, बौद्धिक वाढ मात्र स्पष्ट पुढे गेली. कटकची वस्ती आणि बिबवेवाडीची वस्ती यांत भाषेपलीकडे फार अंतर नसावं. उलट पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्या बायांची १९९३ पासून स्वतःची संघटना आहे. जमैकात ज्या बाटल्या-झाकणांची खेळणी झाली, तोच माल त्या रोज किलोच्या भावाने विकतात. त्यातली एक बाटली आणि मूठभर राजमा, झाकण पक्कं दाबून बसवलं की झाला खुळखुळा.

गरीब घरात मुलाशी कुणी बोलत नाही, असंही एक शास्त्र मध्यंतरी फार गाजलं. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने गरीब मुलांच्या कानावर तीन वर्षांत तीन कोटी शब्द कमी पडतात असं सांगितलं. तो अभ्यास होता अवघ्या ४२ घरांचा. २०१९ मध्ये दुसऱ्यांनी मोजताना आजी, भावंडं, शेजारी, सगळ्यांचं बोलणं धरलं, तेव्हा ती दरी जवळपास राहिली नाही. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं राहत असतील तर शब्दांचा दुष्काळ कसा पडेल? पण दिवसभर लावलेला टीव्ही, पत्र्यावरचा पाऊस, गल्लीतलं भांडण हे सगळं मुलाच्या कानावर आदळतं, त्याला उद्देशून नसतं. मुलाने ‘आ’ केलं आणि समोरून ‘काय रे सोन्या, आणखी हवं?’ असं आलं, मग त्याने पुन्हा ‘आ’ केलं, तर ती देवाणघेवाण. तिला माणूस हातातलं काम सोडून समोर बसलेला लागतो. भरवण्याइतकी चांगली वेळ तिला दुसरी नाही. भरवताना गप्पा झाल्या की मूल दोन घास जास्त खातं आणि चार शब्द जास्त शिकतं. वाटी आणि बोलणं ही दोन खाती सरकारी कागदावर वेगळी असतील, मुलाच्या मेंदूत ती एकाच वेळी उघडतात.

माणसानेच मुलापर्यंत जायला हवं, हे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांना १९४५ मध्येच उमगलं होतं. बोर्डीत मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. देशभर १९७५ पासून बालविकासाची योजना सुरू झाली, तिच्या केंद्राचं नाव अंगणवाडी. आज या योजनेतून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला पूरक आहार देण्याची तरतूद आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं केंद्रात बसतात, त्यांना गरम आहार आणि गाणी-गोष्टी दोन्ही मिळतात. तीन वर्षांखालच्यांना, म्हणजे ज्यांचा मेंदू सर्वांत भुकेला असतो त्यांना, घरी न्यायचं पाकीट मिळतं. ते पाकीट भावाला सांभाळणाऱ्या ताईच्या हाती पडतं आणि घरातल्या चौघांत वाटलं जातं. सेविकेच्या कामात गृहभेटी आहेत, २०२४ साली केंद्राने तीन वर्षांखालच्या मुलांशी खेळण्या-बोलण्यासाठी ‘नवचेतना’ नावाचा आराखडाही काढला. पण मोबाईलवर सेविकेला भरावे लागतात ते रकाने वजन, उंची, हजेरी आणि वाटपाचे. मुलाशी तासभर कोण खेळलं, हा रकाना मुख्य झाला तर माझ्या मते निम्मं काम होईल.

उरलेलं निम्मं काम आईच्या तासांचं आहे. पुण्यात कष्टकऱ्याच्या पोटाचा विचार झालेला आहे. हमाल पंचायतीने १९७४ साली स्वस्त जेवणाची ‘कष्टाची भाकर’ सुरू केली ती याचसाठी. कष्टकऱ्याच्या लेकराला मात्र दिवसभर कोण भरवणार, याची तजवीज अजून व्हायची आहे. अंगणवाडी चार-पाच तास चालते, आईचं काम त्याहून लांबतं आणि दीड वर्षाच्या पोराला तिथे दिवसभर ठेवून घेणारं कुणी नसतं. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर सक्तीचं केलं आणि आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाण्याची मुभा दिली. चार घरची कामं करणारी बाई या तरतुदीत कुठेच बसत नाही, कारण चारही घरांत कामाला ती एकटीच असते.