आंबवणे वेगळे, गाळणे वेगळे

महाबळेश्वरच्या मधाला आपण दोनच कामे दिली आहेत: औषधाचा चमचा आणि पर्यटकाची भेट. मे २०२२ मध्ये सातारा जिल्ह्यातले मांघर देशातले पहिले ‘मधाचे गाव’ ठरले, तरी मधाचा विचार बाटलीबंद विक्रीच्या पलीकडे फारसा गेलेला नाही. इंग्लंड-अमेरिकेत मात्र हौशी माणसे घरी मध आणि हॉप्सची कडवट फुले घालून स्ट्राँग एल बनवतात. एल म्हणजे सामान्य तापमानाला आंबवलेली, बिअरच्याच कुळातली जरा भारी चवीची जात. साताऱ्यात किंवा सांगलीत कुणी ती घरी केली, तर तो गुन्हा ठरतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ विनापरवाना मद्य तयार करण्याला मनाई करतो आणि त्यात घरातला आंबवणीचा डबा व दारू गाळणारी ओढ्याकाठची हातभट्टी एकाच पंक्तीला बसतात. माझ्या मते कायद्याने या दोहोंत रेघ ओढावी आणि घरापुरत्या, विक्रीसाठी नसलेल्या आंबवणीला मर्यादित मुभा द्यावी.

मुभा कशाला द्यायची, हे कृती पाहिली की कळते. सातूला मोड आणून, वाळवून माल्ट करतात. ते भरडून सुमारे ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की पिष्टाची साखर होते. तो गोड काढा हॉप्सच्या फुलांबरोबर उकळतात. हॉप्स कडवटपणा देतात आणि नासवणाऱ्या अनेक जिवाणूंना अटकाव करतात. काढा निवल्यावर यीस्ट घालतात. मधात जवळपास ८० टक्के साखर असते, पण पाणी इतके कमी की यीस्टला त्यात काम करता येत नाही. पातळ झाला की मात्र तो जवळजवळ पूर्ण आंबतो. म्हणून २० लिटर काढ्यात १ किलो मध घातला, तर अल्कोहोल सुमारे दोन ते अडीच टक्क्यांनी वाढते, पण गोडी उरत नाही. मधात यीस्टला लागणारे नत्र कमी असते, ते माल्ट पुरवते. ही जोडी जमते ती यामुळेच. मध उकळला तर त्याचा सुगंध उडून जातो, म्हणून तो काढा निवत आल्यावर घालतात. जांभळाचा मध मुळात किंचित कडसर, तेव्हा त्याच्या जोडीला हॉप्स बेताचेच हवेत. हॉप्सच्या वेलीला फुलायला उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतात. आपल्याकडचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास, त्यामुळे हॉप्स बाहेरूनच आणावे लागणार. आंबवणीला साधारण १८ ते २२ अंश तापमान लागते. सांगलीच्या वैशाखात हे साधणार नाही, यीस्ट तापून उग्र चव देईल. थंडीतच हा उद्योग करावा.

पहिला आक्षेप विषबाधेचा. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. ती आठवण पुसू नये. पण ते बळी मिथेनॉलचे होते, आणि अशा दुर्घटनांत ते सहसा औद्योगिक रसायन म्हणून दारूत मिसळले जाते. आंबवणीत मिथेनॉल तयार होते ते मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून. सातू आणि मधात पेक्टिन नगण्य, त्यामुळे त्यांच्या आंबवणीत धोक्याइतके मिथेनॉल बनत नाही. खरा धोका वेगळा: अस्वच्छ भांडी, आणि मध पुरता आंबण्याआधी बाटलीत भरला तर वायूच्या दाबाने बाटली फुटणे. हे धोके शिकवून टळतात. दारू गाळण्यावरची बंदी मात्र तशीच राहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप व्यसनाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. स्ट्राँग एलमध्ये ७ ते १० टक्के अल्कोहोल असते, साध्या बिअरच्या जवळपास दुप्पट. सातारा-सांगलीतल्या बायकांनी ‘आडवी बाटली’ करण्यासाठी, म्हणजे मतदानाने दारूची दुकाने बंद करण्यासाठी, दिलेला लढा हौसेखातर मोडीत काढता येणार नाही. म्हणून मुभा अटींसह हवी: नोंदणी, वयाची अट, एका वेळी वीसेक लिटरची मर्यादा, विक्रीला पूर्ण मनाई, आणि जिथे बाटली आडवी झाली आहे तिथे ही मुभा लागूच नाही. आठवडे घालवून वीस लिटर एल करणारा आणि रोज गुत्त्यावर जाणारा, यांत फरक आहे. बंदी पहिल्याला थांबवते, दुसऱ्याला क्वचितच.

राहिला प्रश्न या मुभेच्या उपयोगाचा. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रियेचे धोरण आणले, सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क उभा केला. तो अपेक्षेइतका बहरला नाही आणि तासगावची द्राक्षे बेदाण्याकडेच वळत राहिली. त्याला कारणे अनेक, पण एक हेही की भूखंड आधी आले आणि चव जाणणारी, आंबवणी हाताने शिकलेली माणसे नंतर शोधावी लागली. अमेरिकेत उलट झाले. १९७८ मध्ये घरगुती बिअरला संघीय कायद्याने मोकळीक मिळाली, तेव्हा तिथे शंभराहूनही कमी ब्रुअरी होत्या. आज नऊ हजारांच्या वर आहेत. त्यांतल्या सिएरा नेवाडाचा संस्थापक केन ग्रॉसमन आधी घरगुती ब्रुइंगच्या सामानाचेच दुकान चालवत होता. पुण्यात मूनशाइन मीडरी मध आंबवून मीड विकते, म्हणजे मराठी मुलखात मधाच्या अशा पेयांना गिऱ्हाईक आहे. सातेरी मधमाश्यांच्या पेट्या सांभाळणाऱ्या मधपाळाला या बाजारातला वाटा मिळावा असे वाटत असेल, तर शिकण्याची जागा घराच्या उंबऱ्याच्या आत, कायद्याच्या डोळ्यांसमोर असू द्यावी. लपून केलेल्या प्रयोगातून ना सुरक्षितता येते, ना कौशल्य.