जुन्या गाडीचा प्लग

पुष्कळ कुटुंबांत अद्यापि एखादें जुनें वाहन नांदत असतें. कोठें अंगणांत 'चेतक' स्कूटर उभी असते, तर कोठें कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांत बनलेली 'पद्मिनी' मोटार आच्छादन घालून ठेवलेली असते. १९७२ सालीं बाजारांत आलेल्या चेतकसाठीं नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहण्याचे दिवस ज्यांनीं काढले, त्यांस ती स्कूटर भंगारांत देणें म्हणजे घरचें माणूस बाहेर काढण्यासारखें वाटतें. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सींचा काळ ऑक्टोबर २०२३ मध्यें संपला. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली होती व तेथील टॅक्सीस २० वर्षांचीच मुदत असते. खासगी वाहनास मात्र आपल्या प्रांतांत १५ वर्षांनंतर तपासणी करून घेतल्यास पांच-पांच वर्षांनीं नोंदणी वाढवून मिळते. तेव्हां जुनी गाडी राहणार कीं जाणार, हें बव्हंशीं तिच्या इंजिनाच्या प्रकृतीवर अवलंबून असतें. आणि त्या प्रकृतीची नाडी पाहण्याचें ठिकाण म्हणजे तिचा स्पार्क प्लग.

प्लग ही वस्तु दिसावयास लहान, पण तिचें काम थोर आहे. १८६० सालीं लन्वार नांवाच्या शोधकानें आपल्या गॅसवर चालणाऱ्या इंजिनांत विजेच्या ठिणगीचा उपयोग केला, आणि १९०२ सालीं रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड यांनीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व प्लग यांची जोडी सिद्ध केल्यावर मोटारीस भरंवशाची ठिणगी लाभली. चार फेऱ्यांचें इंजिन मिनिटास ३,००० वेळां फिरत असेल, तर प्रत्येक प्लग त्या मिनिटांत १,५०० ठिणग्या टाकतो. चेतकसारख्या दोन फेऱ्यांच्या इंजिनांत तितक्याच गतीला ३,००० ठिणग्या पडतात. हें सर्व जळत्या वायूच्या कोंडमाऱ्यांत चाललेलें असतें. अशा सेवकाची निवड दुकानदाराच्या "हाच बसतो, घेऊन जा" एवढ्या शब्दावर सोपवणें शहाणपणाचें नाहीं.

निवड करतांना पहिली गोष्ट मापाची. प्लगच्या आट्यांचा व्यास बहुतेक जुन्या गाड्यांत १४ मिलिमीटर असतो, आणि तो चुकला तर प्लग बसतच नाहीं. त्यामुळें ती चूक निरुपद्रवी होय. खरी फसगत होते ती आट्यांच्या लांबीत. १२.७ मिलिमीटर व १९ मिलिमीटर अशा दोन लांबींचे प्लग सर्रास मिळतात आणि दोन्ही एकाच भोंकांत फिरतात. आंखूड प्लगाच्या जागीं लांब बसवला, तर त्याचें टोंक सिलिंडरांत पुढें येऊन पिस्टनवर आदळूं शकतें. उलट लांबाच्या जागीं आंखूड बसवला, तर ठिणगी खोल खळग्यांत पडते, आणि हेडचे उघडे राहिलेले आटे काजळीनें भरून पुढें योग्य प्लगही धड बसत नाहीं. म्हणून जुना प्लग काढून नव्याशेजारीं धरून पाहावा. एवढी तुलना शाळकरी मुलासही करतां येईल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. आणि हीच पुष्कळांस ठाऊक नसते. प्लगचें टोंक फार थंड राहिलें, तर त्यावर काजळी व तेल सांचतें. तें सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडच्या वर तापलें म्हणजे काजळी आपोआप जळून जाते. परंतु सुमारें ८५०-९०० अंशांच्या पलीकडे गेलें, तर तेंच टोंक निखाऱ्यासारखें लाल होऊन ठिणगी पडण्याआधींच पेट्रोल पेटवतें. पिस्टन वर येत असतांच स्फोट त्याला खालीं रेटूं लागतो, उष्णता आणखी वाढते, आणि शेवटीं पिस्टनच्या माथ्यास भोंक पडूं शकतें. या दोन मर्यादांच्या मध्यें टोंकास राखण्यासाठीं निरनिराळ्या इंजिनांना 'गरम' व 'थंड' अशा निरनिराळ्या जातींचे प्लग करावे लागतात. थंड प्लग आपली उष्णता हेडला लौकर देऊन टाकतो. गरम प्लग ती अधिक वेळ धरून ठेवतो.

आतां अडचण अशी, कीं ही जात दाखवणारे आंकडे प्रत्येक कंपनीचे वेगळे. एन.जी.के. या जपानी कंपनीच्या प्लगांत आंकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशच्या आजच्या प्लगांत नेमकें उलट, मोठा आंकडा म्हणजे गरम प्लग. त्याहून गंमत अशी, कीं बॉशच्याच जुन्या पद्धतींत मोठा आंकडा थंडपणाचा होता. डब्ल्यू १७५ पेक्षां डब्ल्यू २२५ थंड; आजच्या डब्ल्यू ८ पेक्षां मात्र डब्ल्यू ५ थंड. आपल्याकडे 'मायको' या नांवानें घरोघर ओळखली जाणारी कंपनी १९५१ सालीं निघाली व २००८ सालीं तिनें बॉश हेंच नांव धारण केलें. त्यामुळें वडिलांनीं जपून ठेवलेल्या पुस्तिकेंतील मायकोचा आंकडा आणि आजच्या खोक्यावरील आंकडा यांचा मेळ तर्कानें घालूं नये. कंपनीचा तुलनात्मक तक्ता पाहावा आणि गाडीच्या पुस्तिकेंतील मूळ जातीशीं जुळणारा प्लगच घ्यावा.

इंजिन झिजून तेल जाळूं लागलें, म्हणजे पुष्कळ मिस्त्री एक पायरी गरम प्लग लावून देतात. गांवांतल्या गांवांत हळू चालणाऱ्या गाडीस त्यानें कांहीं काळ बरें वाटतें, हें खरें. पण तीच गाडी दिवाळींत चार माणसें व सामान घेऊन खंबाटकीचा चढ चढूं लागली, म्हणजे तो गरम प्लग घातक ठरूं शकतो. ज्वर उतरवणारी पुडी म्हणजे रोगावरील उपचार नव्हे. तेल वर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा तपासाव्या. दोन फेऱ्यांच्या स्कूटरींत पेट्रोलमध्यें तेलाचें प्रमाण अधिक पडतें काय, तें पाहावें.

तिसरी गोष्ट फटीची, म्हणजे ज्या अंतरांतून ठिणगी उडी घेते त्या अंतराची. पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत ती सामान्यतः ०.५ ते ०.७ मिलिमीटर असते; नव्या मोटारींत कॉइल जोरकस असल्यामुळें ती याहून मोठी ठेवतात. नव्या गाडीसाठीं बनलेला प्लग तसाच जुन्या गाडींत बसवला, तर तिच्या अशक्त कॉइलला तें अंतर ओलांडवत नाहीं, आणि नेमक्या पावसाळी सकाळीं किक मारून मारून पाय भरून येतो. फीलर गेजनें फट मोजावी व बाहेरची दांडी हळुवार वांकवून ती नीट करावी. मधल्या दांडीवर जोर देऊं नये, कारण चिनी मातीसारखें दिसणारें भोंवतालचें वेष्टण तडकतें.

त्याचप्रमाणें रेडिओची खरखर टाळण्यासाठीं हल्लीं कित्येक प्लगांत विजेस अवरोध करणारा तुकडा असतो, एन.जी.के.च्या नांवांतील 'आर' हें अक्षर त्याचीच खूण. गाडीच्या टोपींत वा तारेंत असा अवरोध आधींच असेल, तर त्याची भर नको. इरिडियमच्या महाग प्लगाविषयींही विचारणा होते. हा धातु सुमारें २,४४० अंशांपर्यंत वितळत नाहीं, म्हणून त्याची दांडी बारीक करतां येते व थोड्या दाबांत ठिणगी पडते. योग्य जातीचा मिळाल्यास तो उत्तमच. पण बिघडलेला कार्ब्युरेटर वा झिजलेल्या रिंगा तो सुधारीत नाहीं. मात्र खोटे प्लग नामांकित खोक्यांत घालून विकले जातात, हें ध्यानीं धरून खरेदी खात्रीच्या दुकानींच करावी.

प्लग बसवल्यावर त्याची भाषा वाचण्यास शिकावें. गाडी बऱ्यापैकीं वेगानें आठ-दहा किलोमीटर चालवून बंद करावी, थंड होऊं द्यावी, आणि मग प्लग काढून पाहावा. टोंक फिकट तपकिरी वा राखी असेल तर सर्व ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल अधिक जातें किंवा हवेची जाळी तुंबली आहे. ओला तेलकट काळेपणा तेलाची तक्रार सांगतो. पांढरें फटक, फोड आलेलें टोंक मात्र धोक्याचें. पेट्रोल कमी पडतें, ठिणगी अवेळीं पडते किंवा प्लग फार गरम जातीचा आहे. जुन्या पुस्तकांतील रंगांवर आज पूर्ण विसंबतां येत नाहीं. शिसें घातलेलें पेट्रोल २००० सालींच देशभर बंद झालें, आणि २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचें प्रमाण २० टक्क्यांवर आलें. इथेनॉल आपला प्राणवायु बरोबर आणतें, त्यामुळें कार्ब्युरेटरच्या गाडींत मिश्रण पातळ होऊन प्लग पूर्वीपेक्षां पांढरट दिसतो. अशा वेळीं लगेच प्लगची जात न बदलतां प्रथम कार्ब्युरेटर जुळवून घ्यावा.

बसवतांना घाई नको. इंजिन गार असावें. प्लग प्रथम बोटांनींच फिरवून पूर्ण बसवावा, आणि मग नव्या वॉशरसह पान्यानें सुमारें अर्धा फेरा आवळावा. हेड ॲल्युमिनियमचें असेल तर वांकड्या बसलेल्या प्लगानें आटे कायमचे जातात, आणि मग एका प्लगाच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च गळ्यांत पडतो.

हें काम घरांतील मुलामुलींनीं, सुनांनीं, कोणींही शिकावें असें आहे; रात्रीं निर्जन रस्त्यावर गाडी बंद पडली तर मिस्त्री मिळेलच असें नाहीं. गाडीच्या पेटींत योग्य जातीचा, फट मोजलेला एक जादा प्लग, एक प्लग-पाना व प्लगचें नांव लिहिलेली चिठ्ठी एवढें सदैव असूं द्यावें. ज्या गाडीनें दोन पिढ्यांस बाजारांत, शाळेंत आणि दवाखान्यांत सुखरूप नेलें-आणलें, तिची इतकी काळजी वाहिली तर ती तिसऱ्या पिढीच्याही उपयोगीं पडेल.